सिस्टरच्या हातातला ईसीजी

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर असलेल्या कामगाराच्या छातीत कळ आली, की राज्य कामगार विमा रुग्णालय जवळचं. छातीदुखीच्या रुग्णाचा ईसीजी 10 मिनिटांत निघायला हवा, असा वैद्यकीय दंडक आहे. आणि तो काढायला बहुधा सिस्टरच पुढे होते.

खरं कौशल्य बटण दाबण्यात नाही, जागा शोधण्यात आहे. छातीवर लावायची पहिली वाटी, म्हणजे इलेक्ट्रोड, उरोस्थीच्या उजवीकडे, चौथ्या आणि पाचव्या बरगडीच्या मधल्या फटीत बसते. ती फट डोळ्यांनी दिसत नाही, बोटांनी चाचपून मोजावी लागते. घामेजलेली त्वचा आधी पुसायची. लाल वायर उजव्या हाताला, पिवळी डाव्या. अदलाबदल झाली तर पट्टीच्या पहिल्याच ओळीतल्या लाटा उलट्या उमटतात.

कागदावरचा मोठा चौकोन म्हणजे 0.2 सेकंद. ठोके नियमित असतील तर लागोपाठच्या दोन उंच टोकांमधल्या मोठ्या चौकोनांच्या संख्येने 300 ला भागा, मिनिटाचे ठोके मिळतात. उंच टोकानंतरची रेषा, म्हणजे एसटी, उचललेली दिसली, की सिस्टरने डॉक्टरांना तत्काळ बोलवायचं. निदान त्यांचं, पण पहिली नजर तिची.

पहिला ईसीजी चांगला आला, तरी दुखणं थांबलं नसेल तर घरी जाऊ नका. पुन्हा काढायला सांगा.