मेसेज फसवा होता, पैसेही वाचले. मग पोलिसांना कळवायचे कशाला?

उत्तर नागपुरातील एका विहारात आम्ही रविवारी अभ्यासिका चालवतो. तिथल्या चार विद्यार्थ्यांना एकाच आठवड्यात व्हॉट्सॲपवर मेसेज आला : ‘तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, सोबतची फाइल उघडून माहिती भरा.’ तिघांनी मेसेज डिलीट केला. चौथीने आईच्या मोबाइलवर फाइल उघडली आणि बचत गटात भरायचे नऊ हजार रुपये खात्यातून गेले. घरचे म्हणाले, “पोलिसांत गेलो तर उलट आपल्यालाच दहा प्रश्न विचारतील.” ती आमच्याकडे आली तेव्हा तीन दिवस उलटून गेले होते.

ज्या तिघांनी मेसेज डिलीट केला, त्यांनी वेळीच कळवले असते तर? आणि चौथीने त्याच तासाला फोन केला असता तर? हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत.

पैसे गेले असतील तर

लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँकेचे नाव सांगावे. ही माहिती संबंधित बँकेकडे जाते. पैसे अजून समोरच्या खात्यात असतील तर ते तिथेच रोखले जातात. पुढे सरकले असतील तर पुढच्या बँकेला कळवले जाते. ठग हे पैसे काही मिनिटांत अनेक खात्यांतून फिरवतात, म्हणून इथे दिवस नाही, मिनिटे मोजायची. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करावी आणि आपल्या बँकेलाही कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार, चूक आपली असली तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते. रोखलेली रक्कम परत मिळायला मात्र वेळ लागतो, अनेकदा न्यायालयाचा आदेशही लागतो.

पैसे गेले नसतील तर

तरीही कळवावे, पण त्यासाठी ठाण्यात जाण्याची गरज नाही. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर मार्च २०२४ पासून ‘चक्षू’ ही सुविधा आहे. संशयास्पद फोन, एसएमएस किंवा व्हॉट्सॲप मेसेजचा स्क्रीनशॉट तिथे देता येतो. असा नंबर तपासून बंद करता येतो. एकट्याच्या तक्रारीने ठग पकडला जाईलच असे नाही. पण एकाच नंबरबद्दल अनेकांनी कळवले तर तो लवकर नजरेत येतो. म्हणून आधी स्क्रीनशॉट, मग तक्रार, मग ब्लॉक. डिलीट करण्याची घाई नको.

पोलिसांची भीती

आपल्या वस्त्यांत ही भीती उगाच आलेली नाही. पिढ्यांचा अनुभव तिच्यामागे आहे. म्हणूनच आपला हक्क माहीत हवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कुठल्याही हद्दीत घडलेला असो, पोलिसांना देता येते. ती ऑनलाइनही पाठवता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्यात नोंद नाकारली तर वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

लाजेचेही तसेच. २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन गेमिंगमध्ये ५८ कोटी रुपयांची फसवणूक झाल्याची तक्रार दिली आणि पोलिसांचा छापा गोंदियात पडला. एवढा मोठा व्यापारी फसतो, तर बचत गटातल्या मावशीने मान खाली का घालावी?

आपलीच मुले त्या साखळीत

ठगांना पैसे फिरवायला खाती लागतात. बेरोजगार तरुणाला चार-पाच हजार रुपये देऊन त्याचे खाते, एटीएम कार्ड आणि सिम घेतले जाते. “मी तर फक्त खाते दिले,” असे तो म्हणतो. पण तपासात पहिले नाव त्याचेच निघते. खाते गोठते, गुन्हा दाखल होऊ शकतो, नोकरीच्या पडताळणीत अडचण येते. न दिलेले घेऊ नये, हे शील आपण दर पौर्णिमेला म्हणतो. दुसऱ्याचे लुबाडलेले पैसे आपल्या खात्यातून जाऊ देणे, हे त्या शिलात बसत नाही. अशी ‘ऑफर’ आली तर तीही कळवण्याचीच गोष्ट आहे.

आमच्या अभ्यासिकेत आता फळ्याच्या कोपऱ्यात १९३० हा आकडा कायमचा लिहिलेला आहे. दर रविवारी दहा मिनिटे मुले आठवडाभरात आलेले संशयास्पद मेसेज दाखवतात आणि तिथेच बसून तक्रार भरतात. प्रत्येक विहारात दोन तरुणांनी ही जबाबदारी घेतली, तर फसलेल्या माणसाला तीन दिवस एकट्याने घुसमटत बसावे लागणार नाही.

जय भीम.