दहा हजारांत एक

2 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातल्या ई-610 या टाकीतून सुमारे 40 टन मिथिल आयसोसायनेट हवेत गेलं. 40 टन म्हणजे उसाच्या दोन-चार ट्रकांचं ओझं. आकडा तसा किरकोळ वाटतो. पण कामगाराने पाळीभर श्वासात घेतलेलं चालेल अशी या वायूची मर्यादा आहे हवेच्या दहा कोटी भागांत दोन भाग. या हिशेबाने तो वायू सारखा पसरवला, तर अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यावरची, जमिनीपासून शंभर मीटर उंचीपर्यंतची सगळी हवा त्या मर्यादेला पोचते. आणि वायू थोडा उरतोच.

भोपाळमध्ये तो सारखा पसरला नाही. हवेच्या दुप्पट जड असलेला हा वायू थंडीच्या रात्री जमिनीलगत वस्त्यांमध्ये शिरला. शहरातले 56 पैकी 36 वॉर्ड पुढे गॅसपीडित ठरले. भरपाईच्या निवाड्यांत पाच हजारांवर मृत्यू आणि पाच लाखांवर जखमी नोंदले गेले. पीडितांच्या संघटनांचा मृतांचा आकडा याहून कितीतरी मोठा आहे.

टाकीत पाणी शिरून हे घडलं. ते घडलं तरी वायू बाहेर जाऊ नये म्हणून चार पहारे होते. टाकी शून्य अंशाजवळ ठेवणारी शीतयंत्रणा जूनपासून बंद होती. वायू धुणारा स्क्रबर नुसता सज्ज म्हणून उभा होता. वायू जाळणाऱ्या मनोऱ्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. पाण्याचे फवारे चिमणीच्या तोंडापर्यंत पोचलेच नाहीत.

आता कागदावरचं गणित. प्रत्येक पहारा दहात एकदा चुकतो असं धरा. चारही एकदम चुकण्याची शक्यता दहा हजारांत एक! इंजिनिअर मंडळींना असा गुणाकार फार आवडतो. पण चौघे एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच तो खरा. तोट्यातल्या कारखान्यात एकच काटकसर चौघांची देखभाल मोडते, तेव्हा दहा हजारांतला एक पुन्हा दहात एकाकडे सरकू लागतो.

अणुऊर्जेतही हेच घडलं आहे. उत्तर प्रदेशात नरोरा इथे 31 मार्च 1993 च्या पहाटे टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला आणि केबली जळाल्या. मुख्य आणि राखीव, दोन्ही पुरवठ्यांच्या केबली एकाच वाटेने नेलेल्या होत्या, त्यामुळे अणुभट्टी सुमारे 17 तास विजेविना राहिली. धुरामुळे नियंत्रण कक्ष सोडावा लागला. कर्मचारी टॉर्च घेऊन वर चढले आणि त्यांनी हाताने व्हॉल्व्ह उघडून बोरॉनचं द्रावण सोडलं. आग विझवायच्या डिझेल पंपांनी भट्टी थंड ठेवली. किरणोत्सार बाहेर गेला नाही.

त्यानंतर देशातल्या अणुवीज केंद्रांत राखीव पुरवठ्याच्या केबली वेगळ्या वाटांनी नेल्या गेल्या आणि मध्ये आगीला अडवणाऱ्या भिंती आल्या.