ऊसतोड भगिनी आणि मानवी हक्कांचा आंतरराष्ट्रीय कायदा

दसरा सरला की बीड जिल्ह्यातील वाड्यावस्त्या रिकाम्या होऊ लागतात. आष्टी तालुक्यातील कडा ही नगर जिल्ह्याच्या सीमेलगतची बाजारपेठ. तिच्या भोवतालच्या कोरडवाहू गावांतूनही अनेक कुटुंबे बिऱ्हाड पाठीशी बांधून पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. गाळप हंगाम संपून पट्टा पडला की मार्च-एप्रिलच्या सुमारास ती परततात. या स्थलांतरात निम्मा वाटा स्त्रियांचा आहे. जगातील राष्ट्रांनी एकत्र येऊन केलेले मानवी हक्कांचे करार या भगिनींच्या काय उपयोगाचे, असा प्रश्न आमच्या वाचकांना पडणे साहजिक आहे. प्रस्तुत लेखात त्याचे उत्तर देण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

अर्धा कोयता

ऊसतोडीच्या व्यवहारात ‘कोयता’ म्हणजे पती-पत्नीची जोडी. एकटा माणूस ‘अर्धा कोयता’ ठरतो. मुकादम हंगामापूर्वी जी उचल देतो, ती पतीच्या हाती पडते आणि वहीत नावही त्याचेच लिहिले जाते. पत्नी पहाटेपूर्वी उठून भाकरी थापते, फडात ऊस तोडते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. मात्र कामगार म्हणून तिचे नाव कोठेही नसते. एखादा दिवस काम चुकले तर ‘खाडा’ पडतो आणि त्याचे पैसे उचलीतून वळते होतात. पाळी असो, गर्भारपण असो, ताप असो, खाडा चुकत नाही. कोपीवर शौचालय नाही, न्हाणीला आडोसा नाही, पाणी दूर. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि त्या बाकीपोटी पुन्हा फडावर जावे लागते.

या परिस्थितीचे अत्यंत विदारक रूप २०१९ साली देशासमोर आले. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढलेले आढळले. म्हणजे साधारणपणे सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांत हे प्रमाण ३.२ टक्के होते. ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कर्करोग होईल’ अशी भीती घातली गेल्याचे अनेक स्त्रियांनी सांगितले. पाळीचा त्रास गेला की खाडे पडणार नाहीत, हा विचारही त्यामागे होता.

कोणता करार लागू पडतो?

स्थलांतरित कामगारांच्या हक्कांसाठी संयुक्त राष्ट्रसंघाने १९९० साली स्वतंत्र करार केला व तो २००३ पासून अमलात आहे. परंतु भारताने तो स्वीकारलेला नाही. शिवाय परदेशात जाऊन काम करणाऱ्यांनाच तो लागू होतो; कड्याहून साताऱ्याला गेलेल्या स्त्रीला त्याचा आधार नाही.

तिच्यासाठी महत्त्वाचा आहे तो स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा १९७९ चा करार. तो ‘सीडॉ’ या नावाने ओळखला जातो. भारताने १९९३ साली त्यास मान्यता दिली. त्याचे अकरावे कलम समान वेतन, प्रसूतीची रजा आणि कामाच्या ठिकाणी प्रजननक्षमतेसह आरोग्याचे रक्षण यांची हमी देते. बारावे कलम आरोग्यसेवेविषयी आहे. चौदावे कलम ग्रामीण स्त्रियांसाठी असून त्यात पाणी, स्वच्छता व निवारा यांचा नामनिर्देश आहे. मान्यता देताना भारताने काही बाबी राखून ठेवल्या. त्या रूढी, विवाह व कुटुंब आणि आंतरराष्ट्रीय लवाद यांपुरत्या आहेत. काम, आरोग्य व ग्रामीण स्त्रिया यांविषयीची वचने भारताने कोणतीही अट न घालता दिली आहेत.

अशा वचनाचा अर्थ किती खोल जाऊ शकतो, याचे एक उदाहरण पाहू. २००१ साली हंगेरीतील एका रोमा स्त्रीला गर्भपाताच्या अवस्थेत रुग्णालयात आणले गेले. तिच्याकडून संमतिपत्रावर सही घेतली गेली. त्यावर नसबंदीसाठी लॅटिन शब्द लिहिला होता आणि तो तिला समजला नाही. रुग्णालयात आल्यापासून सतरा मिनिटांत शस्त्रक्रिया उरकली. सीडॉ समितीने २००६ साली निर्णय दिला की ही खरी संमती नव्हे, आणि तिला भरपाई द्यावी असे हंगेरीला कळविले. २०११ साली ब्राझीलमधील एका गर्भवतीच्या मृत्यूच्या प्रकरणात समितीने म्हटले की खाजगी रुग्णालयांवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी शासनाची आहे, ती झटकता येत नाही. बीडमधील प्रश्नाशी या दोन्ही निर्णयांचे नाते उघड आहे.

करार फडापर्यंत कसा पोहोचतो?

वैयक्तिक तक्रार थेट समितीकडे नेण्याचा मार्ग ज्या पूरक करारामुळे खुला होतो, त्यावर भारताची सही नाही. त्यामुळे आपल्या भगिनींना जिनिव्हाचे दार बंद आहे. मात्र देशातील दारे उघडी आहेत. राजस्थानात १९९२ साली बालविवाह रोखू पाहणाऱ्या एका साथिणीवर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘विशाखा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगितले की देशात कायदा नसेल तेथे असे करार मूलभूत हक्कांचा अर्थ लावताना आधार म्हणून घेता येतील.

त्याहून अधिक जवळचा दाखला दिल्ली महानगरपालिकेतील रोजंदारी स्त्रियांचा आहे. प्रसूती रजा कायम कामगारांनाच, असे पालिकेचे म्हणणे होते. मार्च २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीडॉचे अकरावे कलम समोर ठेवून या मजूर स्त्रियांनाही प्रसूतीलाभ देवविला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या स्त्रियांची नावे हजेरीपटावर होती. ऊसतोड भगिनीचे नाव कोणत्याच पटावर नाही, आणि तिच्या साऱ्या हक्कांची अडचण येथूनच सुरू होते. कायद्याला माणूस दिसावा लागतो. अर्ध्या कोयत्याला हक्क मिळत नाहीत; ते मिळतात नाव असलेल्या कामगाराला.

२०१९ नंतर काही पावले पडली. बीडमध्ये खाजगी रुग्णालयांना गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे आवश्यक करण्यात आले. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड कामगारांच्या हालांची स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका दाखल करून घेतली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत असा आदेश दिला.

आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट नोंदणीची. ऊसतोड कामगारांची ग्रामसेवकामार्फत नोंदणी करून ओळखपत्र देण्याची शासनाची व्यवस्था आहे. पतीबरोबर पत्नीनेही स्वतःच्या नावाचे ओळखपत्र मागावे. उचल किती, खाडे किती, तोड किती टन, हे एका वहीत लिहून ठेवावे. घरातील शाळकरी मुलगीही हे लिहू शकते. दवाखान्याचा प्रत्येक कागद जपावा आणि न समजलेल्या कागदावर अंगठा देऊ नये.

दुसरी गोष्ट तक्रारीची. मानवी हक्क आयोगाकडे मराठीतून, कोणतेही शुल्क न भरता तक्रार करता येते. मात्र ती घटनेपासून एका वर्षाच्या आत व्हावी. लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे तीन महिन्यांत करावी. बाकीपोटी जबरदस्तीने राबविले जात असेल तर १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा. ती रक्कम वेठबिगारीचे कर्ज नाही, हे सिद्ध करण्याचा भार त्या कायद्याने धनकोवर टाकला आहे. आणि कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

श्रीरामपूर, राहाता, संगमनेर या पट्ट्यातील आमच्या अनेक वाचकांच्या गावाशेजारीच दर हंगामात कोप्या उभ्या राहतात. तेथील भगिनींना अर्ज लिहून देणे, दवाखान्यात सोबत जाणे, कागद वाचून दाखविणे ही कामे आपल्या धर्मग्रामातील शिक्षक, परिचारिका व महिला मंडळे सहज करू शकतील. पुढच्या हंगामात कोपीवर गेल्यावर तेथील भगिनीला प्रथम तिचे पूर्ण नाव विचारावे आणि ते तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावे, अशी आमची वाचकांना विनंती आहे.