खाण बंद झाली की पैसा येत नाही, थांबतो

मलकापूरच्या फलाटावरून भुसावळच्या दिशेने कोळशाची मालगाडी धडधडत निघाली की दोन मिनिटे बोलणे थांबते. पन्नासच्या वर वाघिणी, प्रत्येकीत काळा ढीग, मागे उडणारी भुकटी. चंद्रपूर-वणीकडचा हा कोळसा दीपनगरच्या वीज केंद्राकडे निघालेला असतो. गाडी गेली की शेजारचा कुणीतरी हमखास म्हणतो, "तिकडच्यांचं बरं आहे. खाण बंद पडली तरी गाव उभं करायला सरकार कोट्यवधी देतं."

हे वाक्य मी खामगावात ऐकले, बुलढाण्यात ऐकले. पण वणीत, ज्यांच्या घरामागे खाणीच्या मातीचे डोंगर उभे आहेत त्यांच्याच तोंडून ऐकले तेव्हा पोटात गोळा आला. बुलढाण्यात बसून ही समजूत बाळगली तर कुणाचे काही बिघडत नाही. वणीत बाळगली तर लोक वाट पाहत बसतात, आणि ज्या काळात मागायला हवे तो काळ निघून जातो.

समजूत आली कुठून, याचा अंदाज बांधता येतो. जर्मनीने २०२० मध्ये कोळसा सोडण्याचा कायदा केला आणि कोळसापट्ट्यांसाठी २०३८ पर्यंत ४० अब्ज युरोपर्यंतची मदत ठरवली. ब्रिटनमध्ये खाणी गेल्यावर कोलमडलेल्या गावांसाठी १९९९ मध्ये स्वतंत्र विश्वस्त निधी उभा राहिला. या बातम्या मोबाइलवर फिरतात आणि ऐकणाऱ्याला वाटते, आपल्याकडेही तसेच असेल. तसे नाही. बंद पडलेल्या कोळसा गावांची अर्थव्यवस्था सावरायला अनुदान देणारा वेगळा कायदा भारतात नाही.

आपल्याकडे आहे ते जिल्हा खनिज प्रतिष्ठान. खाणी आणि खनिजे (विकास व विनियमन) अधिनियमात २०१५ साली कलम ९ब घातले गेले, त्यातून ते जन्मले. त्याचा पैसा कसा येतो हे एकदा हाताच्या बोटांवर मोजून पाहा. कोळशावरची रॉयल्टी किमतीच्या १४ टक्के आहे. म्हणजे १,००० रुपयांच्या कोळशावर १४० रुपये. १२ जानेवारी २०१५ च्या आधीच्या खाणपट्ट्याला या रॉयल्टीच्या ३० टक्के रक्कम प्रतिष्ठानात वेगळी भरावी लागते: ४२ रुपये. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, म्हणजे वेकोलिच्या, जुन्या खाणी या गटात येतात. नंतर लिलावातून दिलेल्या पट्ट्यांना हा दर १० टक्के आहे, म्हणजे १४ रुपये.

आता नीट पाहा. हे ४२ रुपये कोळसा निघतो म्हणून येतात. ज्या दिवशी शेवटची टोपली वर येईल, त्या दिवशी रॉयल्टी शून्य आणि शून्याचे ३० टक्के शून्यच. खाण बंद होते तेव्हा त्या खाणीचा पैसा आटतो. गावाला गरज सगळ्यात जास्त असते नेमकी तेव्हाच. इतके साधे गणित सभांमधून, पत्रकांतून इतकी वर्षे कुणी लोकांसमोर मांडत नाही, याचा मला खरोखर राग येतो.

"पण खाण बंद करायची तर कंपनीला पैसे ठेवावेच लागतात ना?" हा पुढचा प्रश्न. ठेवावे लागतात. कोळसा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार २००९ पासून प्रत्येक खाणीला एस्क्रो खात्यात दरवर्षी रक्कम जमा करावी लागते. तेव्हाचा दर खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीसाठी हेक्टरी १ लाख रुपये होता. मात्र हा पैसा प्रामुख्याने जमिनीसाठी आहे: खड्डा भरणे, ढिगारे सपाट करणे, झाडे लावणे, कुंपण घालणे. त्यातून डोंगरावर सुबाभूळ उगवेल, पण डोंगराखालच्या टायर दुकानदाराला गिऱ्हाईक मिळणार नाही.

आणि गाव उभे असते ते अशाच माणसांच्या बळावर. खाण बंद होताना कायम कामगाराची बदली दुसऱ्या खाणीत होते, त्याचा पगार चालू राहतो. मागे उरतात कंत्राटी डंपर चालक, खानावळ चालवणारी बाई, खोल्या भाड्याने देणारे, हप्त्यावर टिप्पर घेतलेली पोरे. यांचे नाव खाणीच्या कुठल्याही हजेरीपटावर नसते. म्हणून "ज्यांची जमीन गेली त्यांना नोकरी मिळाली, विषय संपला" असे म्हणणाऱ्याने एकदा पगाराच्या दुसऱ्या दिवशी अशा गावातला बाजार पाहावा. त्या बाजारात बहुतेकांची जमीन गेलेली नसते, कारण त्यांना जमीन नव्हतीच.

खाणी बंद होणे हे नवे संकट नाही. वरोऱ्याची सरकारी खाण इंग्रजांनी १८७१ मध्ये सुरू केली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे नेली, आणि १९०६ मध्ये खाण बंदही झाली. दगडी कोळसा संपतो, हे वऱ्हाड-नागपूरच्या माणसाला सव्वाशे वर्षांपासून ठाऊक आहे.

मग उद्यासाठी काहीच नाही का? एक वाट आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. प्रतिष्ठानाचा पैसा ज्या प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेनुसार खर्च होतो, तिच्यात पहिल्यापासून शाश्वत उपजीविकेसाठी राखीव निधी ठेवायला सांगितले होते. जानेवारी २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत ते आकड्यात बांधले गेले: ज्या प्रतिष्ठानाकडे वर्षाला १० कोटी किंवा जास्त जमा होतात, त्याला वार्षिक जमेच्या १० टक्क्यांपर्यंत रक्कम बाजूला ठेवता येते. म्हणजे आपल्या ४२ रुपयांतले जास्तीत जास्त ४ रुपये २० पैसे. खाण बंद झाल्यावरच्या गावासाठी प्रतिष्ठानाकडून एवढीच शिदोरी, आणि ती खाण चालू असतानाच बांधावी लागते. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूरच्या गावकऱ्यांनी आज विचारायचा प्रश्न हाच आहे: ही रक्कम किती ठेवली, कुठे ठेवली?

प्रतिष्ठानाच्या निधीबद्दलचे बाकीचे गैरसमज थोडक्यात सांगतो. "हा वेकोलिचा दानधर्म आहे": नाही. कंपनीचा सामाजिक दायित्व निधी वेगळा, तो नफ्यावर ठरतो. खनिज प्रतिष्ठानाचे अंशदान कायद्याने देणेच लागते, तोटा असला तरी. "हा आमदार निधी आहे": नाही. निम्म्याहून बराच मोठा वाटा, सुधारित तत्त्वांनुसार किमान ७० टक्के, पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, कौशल्य अशा प्राधान्याच्या कामांवरच जायला हवा. "राज्य सरकार तो वळवून घेते": केंद्राने जुलै २०२१ च्या आदेशाने त्याला मनाई केली आहे.

राहिला शेवटचा: "आमच्या जिल्ह्यात कोळसा नाही, आमचा संबंध काय?" संबंध विजेच्या बिलात आहे. ते ४२ रुपये कोळशाच्या किमतीत मिसळून वीज दरापर्यंत येतात, म्हणजे नांदुऱ्याची पिठाची गिरणी आणि चिखलीचे सोयाबीन गोदामही वणीच्या नळयोजनेला हातभार लावत असते. शिवाय कलम १५अ नुसार राज्याला गौण खनिजांवरही असे अंशदान घेता येते. वाळू, मुरूम, दगड हे बुलढाण्याचे खनिज आहे. मेहकर-सिंदखेडराजा पट्ट्यात समृद्धी महामार्गासाठी मुरूम काढलेल्या जागा पावसाळ्यात तुडुंब भरतात आणि पोरे तिथे पोहायला जातात. प्रतिष्ठानाची जमा, मंजूर कामे आणि बैठकीचे इतिवृत्त संकेतस्थळावर ठेवणे बंधनकारक आहे. त्या खड्ड्यांभोवतीचे कुंपण कामांच्या यादीत आहे का, हे बघायला मोबाइलवर दहा मिनिटे लागतात, आणि नसेल तर ग्रामसभेचा ठराव लिहायला एक कागद.