थाई विद्यार्थ्यांचं इंग्रजी

थायलंडवर ब्रिटिशांचं राज्य कधीच नव्हतं. तिथे इंग्रजी घराबाहेरची, मुख्यतः वर्गात भेटणारी भाषा. १९९६ पासून ती पहिलीपासून शिकवली जाते. तरीही बारा वर्षं शिकून मुलं बोलताना का अडखळतात, या प्रश्नाभोवती तिथलं बरंच संशोधन फिरतं.

पूर्वी भर चुकांवर असे. थाई क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही, शब्दाच्या शेवटी जोडव्यंजन येत नाही; त्यामुळे भूतकाळाचा प्रत्यय आणि अनेकवचनाचा 'स' हमखास गळतो. हे काम आजही उपयोगाचं आहे. पण मला महत्त्वाचं वाटतं ते नंतरचं वळण. 'आसियान' या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेच्या, २००८ पासून लागू झालेल्या सनदेने इंग्रजीला कामकाजाची भाषा ठरवलं. म्हणजे बँकॉकचा माणूस इंग्रजी बोलणार तो बहुधा व्हिएतनामी किंवा इंडोनेशियन माणसाशी! मग उच्चार लंडनसारखाच कशाला हवा? थाई वळणाचं इंग्रजी ही चूक की ओळख, हे अभ्यासक आता गांभीर्याने तपासतात. 'क्रेंग जाय', म्हणजे समोरच्याला अवघडू नये म्हणून बाळगलेला संकोच, वर्गातल्या शांततेमागे किती असतो, हाही जिव्हाळ्याचा विषय.

२०१४ मध्ये सरकारने युरोपीय भाषा-स्तर स्वीकारले, बारावीअखेर 'बी-१' हा मधला स्तर गाठायचं ठरवलं; परीक्षांवरचे अभ्यास त्यामुळे वाढले. मात्र संशोधक बहुतेक विद्यापीठांतले, म्हणून अभ्यासही त्यांच्याच विद्यार्थ्यांचा. खेड्यातली प्राथमिक शाळा त्यात फार कमी दिसते.

असं संशोधन छापणाऱ्या, चुलालाँगकॉर्न विद्यापीठाच्या पत्रिकेचं नाव आहे 'पासा'. हा थाई शब्द संस्कृत 'भाषा'वरूनच आलेला.