लॅपटॉपलाही रात्र हवी: जुना विंडोज लॅपटॉप उघडल्या उघडल्या का अडकतो?

आजचा भाग जुन्या लॅपटॉपवर. दादाचं किंवा ताईचं कॉलेज संपलं आणि तो तुमच्याकडे आला. ४ जीबी रॅम, आत हार्ड डिस्क, विंडोज १०. बटण दाबून चहा टाकला, पिऊनही झाला, तरी माउसशेजारचा गोल फिरतोच आहे. दुकानात दाखवला तर उत्तर ठरलेलं, "आता नवीनच घ्या." आणि घरात त्यासाठी हप्त्यांचा हिशोब सुरू होतो. तो हिशोब मांडण्याआधी दहा मिनिटं माझं ऐका.

आधी तुमच्या फोनकडे बघू. रात्री तो चार्जिंगला असतो, वायफाय चालू असतं, आणि तुम्ही झोपलेले असता. अ‍ॅप अपडेट करणं, आतली आवराआवर करणं अशी बरीच कामं तो तेव्हाच उरकतो. विंडोजचीही तीच पद्धत आहे. देखभालीच्या कामांसाठी विंडोज १० ने रात्री २ ची वेळ ठरवून ठेवलेली असते. पण रात्री २ वाजता तुमचा लॅपटॉप कुठे असतो? बंद, आणि बॅगेत. मग ती कामं साठतात. चार दिवसांनी असाइनमेंटसाठी तुम्ही तो उघडता, आणि त्याच वेळी साठलेली सगळी कामं एकदम रांगेत येऊन उभी राहतात. आठ दिवस गावाला जाऊन घरी परतलं की कसं होतं, तसंच हे.

म्हणजे बहुतेक वेळा लॅपटॉप बिघडलेला नसतो, त्याला सवड मिळालेली नसते. हे खरं आहे का, ते कसं तपासायचं?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. खिडकी छोटी दिसली तर 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करा. वर सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने दिसतील. ज्या रकान्यात ९०-१०० टक्के दिसतं, त्याच्या नावावर क्लिक करा. सगळ्यात जास्त खाणारा प्रोसेस वर येईल. जुन्या लॅपटॉपवर हा रकाना बहुतेकदा डिस्कचाच असतो.

आता वर आलेली नावं ओळखू या. 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, तो फाइल्स तपासतोय. 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' अपडेट बसवतोय. 'सर्च इंडेक्सर' फाइल्सची यादी बनवतोय, म्हणजे शोधताना त्या पटकन सापडाव्यात. 'सिसमेन' तुमची नेहमीची अ‍ॅप्स आधीच मेमरीत आणून ठेवतोय. आणि डिटेल्समध्ये 'सिस्टिम आयडल प्रोसेस' ९५ टक्के दिसला तर घाबरू नका. त्याचा अर्थ सीपीयू तेवढा रिकामा आहे.

व्हिडिओंमध्ये सांगतात, हे सगळं बंद करून टाका. तसं करू नका. 'एंड टास्क' केलं तरी यातले बरेच प्रोसेस परत उठतात, आणि अर्धवट राहिलेलं अपडेट तुमचंच डोकं खातं. अँटीव्हायरसला तर हातही लावू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. अशा लॅपटॉपवरून तुम्ही स्कॉलरशिपचे फॉर्म भरता, बँकेत लॉगिन करता. तिथला रखवालदार काढून वेग मिळवायचा, हा सौदा तोट्याचा आहे.

मग करायचं काय? पहिलं, लॅपटॉपला एक रात्र द्या. चार्जर लावा, वायफाय चालू ठेवा, सेटिंगमध्ये प्लग लावलेला असताना स्लीप 'नेव्हर' करा आणि झाकण उघडं ठेवून झोपा. रात्रभर नको असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये 'सिक्युरिटी अँड मेंटेनन्स' उघडून 'स्टार्ट मेंटेनन्स' दाबा आणि तास-दोन तास त्याला हात लावू नका. त्यानंतर 'रीस्टार्ट' करा. 'शट डाउन' नको, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज स्वतःची काही अवस्था डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच परत उचलतं. रीस्टार्टमध्ये सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

दुसरं, टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' टॅबवर जा. चॅटिंगची अ‍ॅप्स, गेम लाँचर, प्रिंटरचा मदतनीस ही मंडळी लॅपटॉपसोबत उठायलाच हवीत असं नाही. त्यांना 'डिसेबल' करा. अ‍ॅप काही उडत नाही, फक्त आपणहून सुरू होत नाही. टचपॅड आणि ऑडिओ मात्र राहू द्या.

माझ्या आतेबहिणीच्या लॅपटॉपवर आम्ही एवढंच केलं. तिची ऑनलाइन परीक्षा चार दिवसांवर होती. डिस्कचा रकाना १०० वरून खाली आला आणि परीक्षा त्याच लॅपटॉपवर पार पडली.

हे करूनही आठवडाभरानंतर डिस्क १०० टक्केच असेल, तर 'परफॉर्मन्स' टॅबमध्ये डिस्कचा प्रकार बघा. तिथे 'एचडीडी' लिहिलं असेल तर अडचण त्या फिरत्या तबकडीची आहे. लॅपटॉपमधली तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद. विखुरलेल्या छोट्या फाइल्स वाचायच्या तर सेकंदाला शंभरही होत नाहीत. एसएसडी तशा हजारो वाचते. म्हणून पैसे घालायचेच असतील तर आधी एसएसडीची किंमत विचारा. नव्या लॅपटॉपच्या मानाने ती खूपच कमी असते. बदलण्याआधी फोटो आणि नोट्सचा बॅकअप मात्र नक्की घ्या.

तर आज रात्री फोनसोबत लॅपटॉपही चार्जिंगला लावा. सकाळी उठलात की टास्क मॅनेजर उघडा आणि डिस्कचा आकडा किती उतरला ते बघा. भेटू पुढच्या भागात!