आरोप तरी सांगा!

1996 सालचा मे महिना. नागपूरच्या भर दुपारच्या उन्हात आमचे एक सहकारी धरमपेठेतल्या आमच्या घरी आले. हिने पुढे केलेला पन्ह्याचा पेला त्यांनी नुसताच हातात धरून ठेवला. खिशातून पाकीट काढून दिले. आत संस्थेचे टंकलिखित पत्र होते, अडीच ओळींचे. आपल्या सेवेची आवश्यकता उरली नसल्याने आपणास आजपासून मुक्त करण्यात येत आहे, असे. बावीस वर्षे शिकवलेल्या कायम प्राध्यापकाला!

"मी काय केलं, एवढं तरी लिहायचं की नाही हो?" ते म्हणाले.

काय केले ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होते, कागदावर मात्र कुठेच नव्हते. एप्रिलच्या परीक्षेत त्यांनी कॉपी करताना ज्या मुलाला उठवले, तो संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांचा भाचा होता.

माणसाला शिक्षा करण्याआधी त्याचे म्हणणे ऐकावे, हे तत्त्व काही कालपरवाचे नाही. केंब्रिज विद्यापीठाने रिचर्ड बेंटली या विद्वानाच्या पदव्या त्याची बाजू न ऐकताच काढून घेतल्या. 1723 साली तिथल्या न्यायालयाने त्या परत करायला लावल्या. एका न्यायमूर्तींनी तेव्हा मोठे मार्मिक उदाहरण दिले. देवानेसुद्धा ॲडमला बागेतून घालवण्याआधी 'कुठे आहेस, ते फळ खाल्लेस का' असे विचारले होतेच की! (त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, 1923 मध्ये, आमचे नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. योगायोगच, पण मला तो आवडतो.)

आपल्याकडे सरकारी नोकराच्या पाठीशी राज्यघटनेचे 311 वे कलम आहे. आरोप कळवल्याशिवाय, बचावाची वाजवी संधी दिल्याशिवाय त्याला बडतर्फ करता येत नाही. खासगी संस्थेतला प्राध्यापक मात्र सरकारी नोकर नव्हे. मालक आणि चाकर यांच्यातला करार, एवढेच त्याच्या नोकरीचे स्वरूप, असे संस्थाचालक पूर्वी न्यायालयात बेधडक सांगत. त्याला पहिला मोठा धक्का बसला तो सागर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातल्या एका अध्यापकाच्या प्रकरणात. हे विद्यापीठ 1946 चे, म्हणजे नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती त्या काळातले. 1965 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विद्यापीठाचा 'कॉलेज कोड' हा नुसता करार नाही, त्याला कायद्याचे बळ आहे. तो मोडून काढलेला अध्यापक न्यायालयात दाद मागू शकतो.

पुढे महाराष्ट्रात न्यायाधिकरणे आली. शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांसाठी 1977 चा कायदा आणि 1981 चे नियम आहेत. तिथे चौकशी समिती तिघांची असते, एक सदस्य व्यवस्थापनाचा, एक आरोप असलेल्या शिक्षकाने निवडलेला आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांपैकी. चौकशी 120 दिवसांत आटोपायची. वरिष्ठ महाविद्यालयांतल्या आमच्यासारख्यांना 1994 च्या विद्यापीठ कायद्याने न्यायाधिकरणाकडे अपील दिले, आणि 2016 च्या कायद्यानेही ते ठेवले आहे. मुदत तीस दिवसांची.

या तीस दिवसांतच आमचे सहकारी अडकणार होते. संस्थेचे सचिव गोड बोलत होते. "सर, जूनमध्ये कार्यकारिणीची बैठक आहे, तोवर दम धरा. कोर्टात गेलात तर मला काही करता येणार नाही." अकरा दिवस या आशेवर गेलेच होते. आम्ही त्यांना जवळजवळ ओढतच वकिलाकडे नेले. वकिलांनी विचारले, "नेमणुकीचा आदेश आहे? विद्यापीठाची मान्यता? कायम केल्याचं पत्र?" सरांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी वहिनी पत्र्याची पेटी घेऊन स्वतःच आल्या. त्यात 1974 पासूनचा प्रत्येक कागद वर्षवार बांधलेला होता! "यांना कागद फेकायची सवय, म्हणून मीच ठेवत गेले," त्या म्हणाल्या. अपील सव्विसाव्या दिवशी दाखल झाले.

निकाल लागायला चार वर्षे लागली. संस्थेच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारले, "या काळात आपण शिकवण्या करत होता?" "हो, चार मुलं," सर म्हणाले. आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. सर कामावर परत आले, थकलेला पगार मात्र निम्माच मिळाला. तेव्हाच्या औरंगाबादमधील एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये म्हटले की, बेकायदा काढलेल्या माणसाला मागील वेतनासह परत घेणे हाच सर्वसाधारण नियम होय. सरांना याचा उपयोग नव्हता, ते तोवर निवृत्त झाले होते.

माझे एक प्राचार्य मित्र म्हणतात, "तुमच्या या नियमांमुळे कामचुकार मास्तरालाही हात लावता येत नाही." त्यांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. वर्गावर न जाता वर्षानुवर्षे पगार घेणारे मीही पाहिले आहेत. पण रीतसर आरोपपत्र देऊन, साक्षीपुरावे नोंदवून अशांना काढता येते. त्याला चार-सहा महिने लागतात आणि काही फायली नीट ठेवाव्या लागतात. घाई झालेल्या संस्थेला तेवढाही धीर नसतो, मग कामचुकारही कोर्टातून हार घालून परत येतो.

सरांना मात्र निकालाचा आनंद पुरता झाला नाही. त्या पानांत भाच्याचा उल्लेख नव्हता, कॉपीचा नव्हता. चौकशी न करता काढले म्हणून आदेश रद्द, एवढेच. "मला जे सांगायचं होतं ते कुणी विचारलंच नाही," असे ते शेवटपर्यंत म्हणत.

परवा सीताबर्डीवर माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. नेट झालेली, पीएच.डी. झालेली, तासिका तत्त्वावर सहा वर्षे शिकवते आहे. सरांची गोष्ट तिला सांगितली आणि सवयीने म्हणालो, "नेमणुकीचं पत्र जपून ठेव हं."

ती हसली. "सर, यंदा पत्र नाही दिलं. सोमवारपासून या, असा फोन आला होता."